उत्तरपत्रिकेतील चिन्हे आणि संक्षेप

लेखी परीक्षेत ज्ञानाची कसोटी लागते, तशीच वेळेचीही लागते. दहावीच्या गणिताच्या प्रत्येक भागाला ४० गुण आणि दोन तास असतात. म्हणजे एका गुणामागे तीन मिनिटे. मराठीच्या पेपरला ८० गुण आणि तीन तास. तेथे एका गुणाच्या वाट्याला सव्वादोन मिनिटेच येतात. पुढे केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत सामान्य अध्ययनाच्या एका पेपरात २० प्रश्न सोडवायचे असतात. १० प्रश्न १५० शब्दांचे आणि १० प्रश्न २५० शब्दांचे. सगळी मर्यादा भरून लिहायचे म्हटले तर तीन तासांत ४००० शब्द होतात. मिनिटाला सुमारे २२ शब्द, आणि विचार करण्याचा वेळही त्यातच.

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची राज्यसेवा मुख्य परीक्षा २०१२ पासून सामान्य अध्ययनापुरती बहुपर्यायी झाली होती. २०२५ च्या परीक्षेपासून ती पुन्हा वर्णनात्मक झाली. पुण्याच्या सदाशिव पेठेत आणि नवी पेठेत खोली घेऊन अभ्यासिकेत दिवस काढणाऱ्या आमच्या माजी विद्यार्थ्यांना गोल रंगवण्याची सवय मोडून पुन्हा लेखणी चालवावी लागत आहे. साहजिकच शाळेतील मुलांकडून आणि या माजी विद्यार्थ्यांकडून एकच प्रश्न आमच्याकडे वारंवार येतो : वेळ वाचवण्यासाठी उत्तरात चिन्हे, बाण, आद्याक्षरे वापरलेली चालतात का? चालत असतील तर किती?

ज्या घरांत दोन-तीन पिढ्यांनी परीक्षा दिल्या आहेत, तेथे याचे उत्तर जेवताना बोलता बोलता मिळून जाते. आमच्या वसतिगृहातील अनेक मुलांच्या घरी दहावीचा पेपर प्रथमच लिहिला जात असतो. अभ्यास पूर्ण असूनही केवळ लेखनाचे संकेत कुणी सांगितले नाहीत म्हणून त्यांचे गुण जावेत, हे आम्हाला मान्य नाही. म्हणून स्मरणिकेच्या निमित्ताने हा विषय थोडा सविस्तर मांडत आहोत.

संक्षेपाची आपली परंपरा

थोडक्यात लिहिणे म्हणजे आळस, अशी एक समजूत आहे. ती खरी नाही. ज्यांनी त्रिपिटकाचे देवनागरीतील पुस्तक उघडले असेल, त्यांच्या नजरेस मध्येच येणारे ‘पे’ हे अक्षर आले असेल. त्याच्या मागेपुढे टिंबे असतात आणि शेजारी एखादे लहानसे शून्य असते. हा ‘पेय्याल’ या शब्दाचा संक्षेप आहे. तथागतांचे उपदेश प्रथम मुखोद्गत होते. पाठांतरासाठी त्यांत एकच वाक्यरचना पुन्हा पुन्हा येते. लिहिताना तीच रचना दहा वेळा उतरवण्याऐवजी लेखकाने एकदा ती पूर्ण लिहिली आणि पुढे तिच्या जागी ‘पे’ ठेवले.

या पद्धतीतील शिस्त पाहण्यासारखी आहे. संयुत्त निकायात सहा आयतनांची चर्चा येते. तेथे चक्षूविषयीचा भाग पूर्ण असतो. श्रोत्र, घ्राण, जिव्हा, काया यांच्या वेळी पुनरावृत्त मजकूर गाळला जातो. परंतु अनेक सुत्तांत प्रत्येक आयतनाचे नाव मात्र लिहिलेले असते. जे आधी सांगून झाले तेवढेच गळते. जे नवे आहे ते तेथे गळत नाही. त्यामुळे वाचणारा भिक्खू सिंहलद्वीपातील असो वा ब्रह्मदेशातील, गाळलेला मजकूर त्याला अक्षरशः परत उभा करता येतो. संक्षेपाची कसोटी हीच. वाचणाऱ्याला लिहिणाऱ्याकडे न जाता, कागदावरूनच मूळ वाक्य पुन्हा बांधता आले पाहिजे.

नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत दुसरा एक धडा आहे. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या एकोणिसाव्या राज्यवर्षातील शिलालेख आहे. राजमाता गौतमी बलश्री हिने ते लेणे भिक्खुसंघाला दान दिले, त्याची ती नोंद. तीत वर्ष, पक्ष आणि दिवस हे आधी शब्दांत आणि लगेच अंकचिन्हांत, असे दोन्ही प्रकारे कोरले आहेत. आज आपण धनादेशावर रक्कम अक्षरी आणि अंकी लिहितो, तसेच. जेथे चूक परवडणारी नसते, तेथे चिन्हाला शब्दाची सोबत दिली जाते.

आपल्या घरातील पत्रव्यवहारही संक्षेपांनी भरलेला होता. ‘चि.’, ‘सौ.’, ‘ता. क.’, ‘सा. न. वि. वि.’ हे वाचताना कुणी अडखळत नसे. ‘इ. स.’, ‘रु.’, ‘उदा.’, ‘जि. प.’ हे आजही तसेच आहेत. सगळ्या मराठी समाजाला ते ठाऊक आहेत, म्हणून ते परीक्षेतही चालतात. विद्यार्थ्याने स्वतःच्या वहीत योजलेला संक्षेप मात्र त्याच्या एकट्याचा असतो, आणि अडचण तेथे सुरू होते.

जेथे चिन्ह हीच भाषा आहे

गणितात चिन्हे टाळायची नसतात; ती तेथील भाषाच आहेत. बरोबरीचे चिन्ह प्रथम वापरले ते वेल्समध्ये जन्मलेल्या रॉबर्ट रेकॉर्ड या गणितज्ञाने, १५५७ साली. ‘च्या बरोबर आहे’ हे शब्द पुन्हा पुन्हा लिहिण्याचा त्याला कंटाळा आला होता. दोन समांतर रेघांइतके एकमेकांशी सारखे दुसरे काही नसते, म्हणून त्याने त्या दोन रेघा निवडल्या. पेय्यालामागे जे कारण, तेच येथेही : पुनरुक्ती टाळावी, अर्थ मात्र ढळू नये.

मराठी माध्यमाच्या मुलांना तर या बाबतीत सुरेख वारसा मिळाला आहे. ‘लसावि’, ‘मसावि’ हे संक्षेप पाठ्यपुस्तकानेच दिलेले आहेत. एकरूपतेच्या ‘बाबाबा’, ‘बाकोबा’, ‘कोबाको’ या कसोट्या आपली मुले गाण्यासारख्या म्हणतात. ∠, △, ⊥, ∥, ≅, ∴ ही चिन्हे निःशंकपणे वापरावीत. त्यांच्या जागी शब्द लिहीत बसणे म्हणजे वेळ दवडणे होय.

गुण जातात ते चिन्ह वापरल्यामुळे नव्हे, तर त्याचा नेमका अर्थ विसरल्यामुळे. सर्वांत जास्त आढळणारी चूक बरोबरीच्या साखळीची. पाच आणि तीन यांची बेरीज करून तिची दुप्पट करायची असेल, तर मुले घाईत लिहितात : ५ + ३ = ८ × २ = १६. उत्तर बरोबर आले. परंतु ५ + ३ म्हणजे १६, असे या ओळीने सांगितले. दोन ओळी कराव्यात : ५ + ३ = ८; ८ × २ = १६. यात वेळ जवळजवळ तितकाच लागतो.

भूमितीत ≅ आणि = यांची गल्लत होते. रेषाखंड एकरूप असतात, त्यांच्या लांबी समान असतात; म्हणून ‘रेख अब ≅ रेख अक’ असे लिहावे किंवा ‘अब = अक’ असे लिहावे. समरूपतेचे ~ आणि एकरूपतेचे ≅ यांत तर आख्ख्या प्रमेयाचा फरक पडतो. ∴ म्हणजे ‘म्हणून’ आणि ∵ म्हणजे ‘कारण’. एका टिंबाची जागा बदलली की कारणाचे कार्य होते.

सिद्धता लिहिताना आणखी एक पथ्य पाळावे. △अबक मध्ये रेख अब ≅ रेख अक असून रेख अड ⊥ बाजू बक आहे, असे समजू. कर्णभुजा कसोटीने △अडब ≅ △अडक. यानंतर ‘∴ ∠ब ≅ ∠क’ एवढे लिहून थांबू नये. पुढे कंसात ‘एकरूप त्रिकोणांचे संगत कोन’ हे कारण लिहावे. ∴ हे चिन्ह कारण आहे एवढेच सांगते. कोणते कारण, ते सांगत नाही. ते शब्दांनीच सांगावे लागते.

विज्ञानातील बाणही असाच अर्थपूर्ण आहे. ‘कॅल्शिअम कार्बोनेट → कॅल्शिअम ऑक्साइड + कार्बन डायऑक्साइड ↑’ या समीकरणात आडवा बाण अभिक्रियाकारकांपासून तयार झालेली उत्पादिते दाखवतो आणि उभा बाण वायू बाहेर पडल्याचे दाखवतो. याच उत्तरात विद्यार्थ्याने पुढे ‘तापमान ↑’ असे लिहिले, तर एकाच चिन्हाला दोन अर्थ झाले. एका उत्तरात एका चिन्हाचा एकच अर्थ असावा. तेथे ‘तापमान वाढवल्यास’ असेच लिहावे. उदाहरण सोडवताना सूत्र, किमती आणि एकक या तिन्हींचा क्रम सोडू नये. एककाशिवाय लिहिलेला अंक परीक्षकाला अपुराच वाटणार.

जेथे कारण हेच उत्तर आहे

इतिहास, राज्यशास्त्र आणि भूगोल यांत परिस्थिती बदलते. ‘संकल्पनाचित्र पूर्ण करा’ असा प्रश्न असेल तर बाण आणि चौकटी हव्यातच. ‘फरक स्पष्ट करा’ यास दोन रकान्यांचा तक्ता शोभतो. नकाशा वा आकृती काढून नावे दिल्यास वर्णनाच्या चार ओळी वाचतात. परंतु ‘भौगोलिक कारणे लिहा’ किंवा ‘विधान सकारण स्पष्ट करा’ असे विचारले असता बाण काढणे म्हणजे विचारलेलेच गाळणे होय.

घाईत लिहिलेले एक उत्तर असे असू शकते : ‘जंगलतोड ↑ → माती ↓ → पूर.’ लिहिणाऱ्याच्या मनात सगळे स्पष्ट आहे. वाचणाऱ्यापुढे मात्र प्रश्न उभे राहतात. माती कमी झाली म्हणजे तिचा थर कमी झाला की कस? बाण ‘त्यामुळे’ म्हणतो की ‘त्यानंतर’? आणि माती कमी झाल्याने पूर का यावा? आता हेच वाक्यांत पाहू : ‘डोंगरउतारावरील झाडे तोडल्यामुळे माती धरून ठेवणारी मुळे उरत नाहीत. पावसाच्या पाण्याबरोबर माती वाहून नदीपात्रात साचते. पात्र उथळ होते आणि पुराचा धोका वाढतो.’ अवघी तीन छोटी वाक्ये, परंतु प्रत्येक दुवा जागेवर आहे. गुण या दुव्यांना असतात.

दुसरे उदाहरण आपल्या सर्वांच्या जिव्हाळ्याचे घेऊ. संविधानाच्या कलम १७ वर टीप लिहा, असा प्रश्न आला आणि उत्तर सुरू झाले ते ‘क. १७ → अस्पृश्यता ✗’ असे. हे चूक आहे असे कुणी म्हणणार नाही. पण यात काय राहून गेले ते पाहावे. या कलमाने तीन गोष्टी केल्या आहेत. अस्पृश्यता नष्ट केली. कोणत्याही स्वरूपातील तिचे आचरण निषिद्ध ठरवले. आणि अस्पृश्यतेतून उद्भवणारी निःसमर्थता कुणावर लादणे हा कायद्याने शिक्षापात्र अपराध ठरवला. फुलीच्या चिन्हात यातील पहिलीच गोष्ट कशीबशी मावली. ‘कोणत्याही स्वरूपातील’ हे शब्द गेले आणि शिक्षेचे कलमही गेले. मग त्या शिक्षेची तरतूद करणारा १९५५ चा अस्पृश्यता अपराधांविषयीचा अधिनियम, आणि १९७६ च्या दुरुस्तीनंतर त्याला मिळालेले ‘नागरी हक्क संरक्षण अधिनियम’ हे नाव, यांना उत्तरात जागाच राहिली नाही. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेने ही तरतूद स्वीकारली, तेव्हा त्यातील एकेका शब्दाला वजन होते. ते वजन आपल्या मुलांच्या लेखणीतून तरी हलके होऊ नये, असे आम्हाला वाटते.

भाषेच्या पेपरात तर चिन्हांना जवळजवळ जागाच नाही. निबंधात ‘आणि’ऐवजी अधिकचे चिन्ह, ‘म्हणजे’ऐवजी बरोबरीचे चिन्ह किंवा ‘म्ह.’ असे अर्धवट रूप लिहू नये. मोबाइलवरील संदेशांची ही सवय हातात इतकी मुरलेली असते की लिहिताना तिची जाणीवही होत नाही. पत्रलेखनात रूढ संक्षेप जरूर लिहावेत. ते पत्राच्या मांडणीचाच भाग आहेत.

दीर्घ नावांचे काय करावे

स्पर्धा परीक्षेत लांबलचक नावे वेळ खातात, हे खरे. त्यासाठी पेय्यालाची शिस्त पाळावी : प्रथम पूर्ण, मग संक्षिप्त. पहिल्या उल्लेखात ‘राष्ट्रीय मानवी हक्क आयोग (यापुढे ‘आयोग’)’ असे लिहिले की पुढे ‘आयोग’ एवढे पुरते. आद्याक्षरांपेक्षा ही रीत मराठीला अधिक मानवते, कारण तिच्यात शब्दाचा अर्थ शाबूत राहतो. आद्याक्षरांचा गोंधळ कसा होतो ते पाहावे : ‘सं.’ म्हणजे संविधान, संसद, संपादक की संस्कृत? ‘रा.’ म्हणजे राज्य, राष्ट्रीय की राष्ट्रपती? ‘आ.’ म्हणजे आयोग की आमदार? एकाच उत्तरात दोन आयोगांचा उल्लेख असेल, तर ‘आयोग’ हे रूपही टाळून प्रत्येकाचे ओळखू येणारे नाव लिहावे. प्रत्येक उत्तर स्वतंत्र समजावे. पहिल्या प्रश्नात दिलेला खुलासा अकराव्या प्रश्नापर्यंत तपासणाऱ्याच्या लक्षात राहील, असे गृहीत धरू नये.

येथे वाचणारा कोण आहे, हे ध्यानात घ्यायला हवे. वर्गातील शिक्षक मुलाचे अक्षर, त्याची सवय, त्याचा स्वभाव ओळखतात. अर्धवट लिहिलेले ते मनातल्या मनात पूर्ण करून घेतात. शालान्त परीक्षेची उत्तरपत्रिका मात्र अनोळखी परीक्षकाच्या हाती पडते आणि त्यानंतर नियामकाच्या नजरेखालून जाऊ शकते. त्यांना मुलाला बोलावून ‘येथे तुला काय म्हणायचे आहे?’ असे विचारता येत नाही. कागदावर जे आहे, तेवढेच त्यांच्यापुढे असते.

मग वेळ वाचवायचा कोठे?

संक्षेपाची खरी जागा उत्तराच्या आधी आहे. अभ्यासाच्या टिपणांत हवी तेवढी चिन्हे वापरावीत; तेथे लिहिणारा आणि वाचणारा एकच असतो. परीक्षेतही मोठा प्रश्न हाती घेताना कच्च्या कामासाठी ठेवलेल्या जागेत अर्ध्या मिनिटात मुद्द्यांचा आराखडा करावा. तेथे बाण, आद्याक्षरे, फुल्या सगळे चालेल. नंतर त्या आराखड्यावर एक आडवी रेघ मारून उत्तर वाक्यांत लिहावे. उत्तर मध्येच खोडून पुन्हा लिहिण्यात जो वेळ जातो, त्याच्या मानाने हे अर्धे मिनिट काहीच नाही.

लघुलेखनाची परीक्षाच याला उत्तम साक्ष आहे. पुण्यातील महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद लघुलेखनाच्या शासकीय परीक्षा घेते. उमेदवार सांगितलेला मजकूर लघुलिपीत वेगाने टिपून घेतो; परंतु तेवढ्यावर परीक्षा संपत नाही. टिपलेल्या मजकुराचे त्याला पूर्ण शब्दांत लिप्यंतर करावे लागते. ज्या परीक्षेचा विषयच संक्षिप्त लेखन, तेथेसुद्धा दुसऱ्याच्या हाती द्यायचा कागद पूर्ण लिहिलेला असावा लागतो.

याशिवाय वेळ वाचतो तो फाफटपसारा टाळल्याने. प्रश्नच पुन्हा उत्तराच्या आरंभी उतरवणे, ‘आपल्या देशात प्राचीन काळापासून’ अशी प्रस्तावना करणे, एकच मुद्दा शब्द बदलून दोनदा सांगणे, यांत दोन-तीन ओळी सहज जातात. त्या गाळल्या की कारणाचे वाक्य पूर्ण लिहायला जागा आणि वेळ दोन्ही मिळतात. आणि पेपर संपायला पाच मिनिटे उरली असून एक प्रश्न शिल्लक असेल, तर कोरे सोडू नये. अशा वेळी मुद्द्यांनुसार, क्रमांक देऊन, लहान पण क्रियापद असलेली वाक्ये लिहावीत. ‘मुळे कमी झाल्याने माती वाहते’ या पाच शब्दांना जो अर्थ आहे, तो पाच बाणांना नाही.

आमच्या शाळेत संध्याकाळच्या अभ्यासाच्या वेळी आम्ही एक साधा उपक्रम करतो. मुलाने लिहिलेले उत्तर दुसऱ्या इयत्तेतील मुलाकडे वाचायला द्यायचे. वाचणारा जेथे अडखळेल, तेथे पेन्सिलीने खूण करायची. लिहिणाऱ्याने मध्ये बोलायचे नाही. खुणा झाल्यावर त्याने तेवढ्याच जागा दुरुस्त करायच्या. माजी विद्यार्थ्यांनी सुटीच्या दिवशी येऊन यातील वाचकाची जागा घ्यावी, अशी आमची विनंती आहे. मुलांना अनोळखी वाचकाची सवय त्यातूनच होईल.

पालकांनाही हे करता येईल, आणि त्यासाठी स्वतः शाळा शिकलेले असण्याची गरज नाही. मूल सुटीत घरी आले की त्याला त्याचे एखादे उत्तर मोठ्याने वाचायला सांगावे आणि शांतपणे ऐकावे. वाचताना ते वहीकडे न पाहता ‘म्हणजे असं की...’ म्हणून समजावू लागले, तर त्याला तेथेच थांबवावे आणि जे आता तोंडाने सांगितलेस ते वहीत लिहिले आहेस का, एवढे विचारावे.